मिरजेच्या कारखान्यात तंबोरा शूट करायचाय, झेडव्ही-ई१०ला कोणती प्राइम लेन्स घ्यावी?

खरज | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, विश्रामबागेत राहते, शाळेत शिकवते आणि अकरा वर्षं गाणं शिकतेय. आमच्या बाईंनी यंदा मिरजेत नवा तंबोरा करायला टाकलाय. भोपळा निवडण्यापासून जवारी लागेपर्यंत (तारा टेकतात त्या घोडीचा माथा घासून सूर खुलवतात, ती जवारी) सगळं चित्रित करायचं माझ्या मनात आहे. ज्यांच्याकडे काम दिलंय ते चाचा सत्तरीच्या घरात आहेत. चहाचा कप धरताना त्यांचा हात कापतो, पण जवारीला कानस लावली की तोच हात स्थिर होतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि ते कुठेतरी राहावं असं वाटतं. त्यांनी परवानगी दिलीय, "या, बसा, काढा, फक्त कामाच्या मध्ये येऊ नका."

कॅमेरा भावाचा, सोनी झेडव्ही-ई१०, सोबतची १६-५० किट लेन्स. मागच्या रविवारी पहिल्यांदा जाऊन आले. खोली साधारण नऊ बाय अकरा फूट. उजेड रस्त्याकडच्या दारातून येतो तेवढाच, आणि वर एक ट्यूब. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० पर्यंत गेला, चित्रात दाणे दाणे. शिवाय ट्यूबच्या उजेडात पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसतात.

बजेट तीस हजारांच्या आत, त्यापुढे जमणार नाही. म्हणजे एकच लेन्स. भाचा म्हणतो ५० मिमी घे, दुकानात ३० सांगितली, व्हिडिओंत बघावं तर सगळे १६ म्हणतात. प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, कधी वापरलेली नाही. कृपया मार्ग दाखवा.


संगमघाट | रविवार, रात्री १०.१५

ताई, नऊ वर्षं लग्नं शूट करतोय, सांगली, तासगाव, पार विट्यापर्यंत. डोळे झाकून सिग्मा ३० मिमी एफ/१.४ घ्या. हॉलमधला दिवा गेला तरी सप्तपदी घेतलीय मी तिच्यावर. तुमची किट लेन्स ३० मिमीला आली की तिचं अ‍ॅपर्चर साडेचारच्याही पुढे जातं (आकडा मोठा तितकं भिंगाचं तोंड लहान). तिथून एफ/१.४ म्हणजे तीन स्टॉपांहून जास्त फरक. प्रत्येक स्टॉपाला उजेड दुप्पट, म्हणजे तीन स्टॉपांना आठपट. जिथे ६४०० आयएसओ लागला तिथे ८०० मध्ये काम होईल. दाणे गायब.

पैसे उरले तर पुढे ५६ घ्या, चेहऱ्यांना तिच्यासारखी नाही.


नादखुळा | रविवार, रात्री १०.३२

लेन्सच्या आधी ते पट्ट्यांचं बघू. ४के ३०ला शूट केलं का? शटर किती होतं?


खरज | रविवार, रात्री १०.४०

हो, ३०. शटर १/६०. दुप्पट ठेवायचं असतं असं वाचलं होतं.


नादखुळा | रविवार, रात्री ११.०५

दुप्पट ठेवायचं हे बरोबरच आहे, पण तो ६०चा आकडा अमेरिकेच्या विजेचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. १/६०चं शटर त्या ठेक्यात बसत नाही, दर फ्रेमला उजेड वेगळ्या जागी सापडतो आणि पट्टे सरकतात. १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातील. स्वस्त एलईडी बल्बलाही हाच उपाय.

त्यासाठी कॅमेरा पाल (५० हर्ट्झच्या देशांतली व्हिडिओ पद्धत) वर टाका आणि २५ला शूट करा. तो बदल करताना कार्ड फॉरमॅट करायला सांगू शकतो, त्यामुळे आधीचं सगळं उतरवून घ्या.

२५ला जाण्याचं दुसरं कारण लेन्सशीच जोडलेलं आहे. हा कॅमेरा ४के ३०ला सेन्सरचा मधलाच भाग वापरतो, १.२३ पट कापतो. ४के २५ला सेन्सरची पूर्ण रुंदी मिळते. म्हणजे ३० मिमी घेतली आणि ३०ला शूट केलं तर ती ३७ मिमीसारखी वागेल. आधीच क्रॉप सेन्सर, म्हणजे फुलफ्रेमपेक्षा लहान, त्यावर आणखी क्रॉप. एवढ्याशा खोलीत हे परवडणार नाही.


पेठभाग | सोमवार, सकाळी ६.५०

खरज, बेटा, मी पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालोय, कॅमेऱ्याचा नाद जुना. इथे सगळे लेन्सचं नाव सांगताहेत, पण खोलीचं माप कोणी धरत नाही. गणित सातवीतल्या मुलाला जमेल इतकं सोपं आहे.

चौकटीत किती रुंदी मावेल? सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेंग्थ (लेन्सवरचा तो मिमीचा आकडा), गुणिले अंतर. तुझ्या सेन्सरची रुंदी २३.५ मिमी. तू सहा फुटांवर बसलीस असं धरू:

१६ मिमी: ८.८ फूट
२३ मिमी: ६.१ फूट
३० मिमी: ४.७ फूट
५६ मिमी: २.५ फूट

व्हिडिओची उंची रुंदीच्या सोळा भागांतले नऊ भाग, म्हणजे ३० मिमीला सहा फुटांवरून जेमतेम अडीच-पावणेतीन फूट उंची मिळते. आता सांग, चाचा तंबोरा मांडीवर आडवा घेऊन बसले की या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फूट होतात? आणि तू त्यांच्यापासून किती लांब बसू शकतेस? ही दोन मापं टेपने घेऊन ये. मग लेन्सचं नाव आपोआप निघेल.


संगमघाट | सोमवार, सकाळी ९.२०

काका, गणित मान्य. पण दोन पावलं मागे सरकलं की झालं ना? अकरा फुटांची खोली आहे. दारात ट्रायपॉड लावला तर नऊ फूट सहज मिळतात. नऊ फुटांवरून ३० मिमीला सात फूट रुंदी येते, अख्खा तंबोरा, चाचा आणि मागची भिंत सुद्धा. क्रॉपवर ३० म्हणजे फुलफ्रेमची ४५, डोळ्याला सर्वांत सहज वाटणारी नजर. एवढं चांगलं भिंग सोडून तिनं दुसरीकडे का जावं?


तरफ | सोमवार, दुपारी १.१०

मी मिरजेचा, सतारमेकर घरातला. आता पुण्यात नोकरी करतो, पण सुट्टीत अजून भोपळे घासतो. पहिल्यांदाच लिहितोय इथे.

संगमघाट दादा, दारात ट्रायपॉड लावता येणार नाही. आमच्याकडे कारागीर दाराकडे तोंड करून किंवा दार उजव्या हाताला ठेवून बसतो, कारण उजेड तिथूनच येतो. दारात माणूस उभा राहिला की हातातल्या कामावर सावली पडते. माझे आजोबा गिऱ्हाइकालासुद्धा "आत या नाहीतर बाजूला व्हा" म्हणायचे. जवारीचं काम केसाएवढ्या फरकाचं असतं. घोडीचा माथा कुठे उंच राहिलाय ते कारागीर उजेडातच बघतो आणि मग तार छेडून कानाने तपासतो. उजेड अडवलात तर चाचा बोलणार नाहीत, पण कानस खाली ठेवतील.

ताई, तुमची जागा आत, बाजूच्या भिंतीला. दारातला उजेड त्यांच्यावर एका बाजूने पडेल आणि तुम्हाला चेहऱ्याचा अर्धा भाग उजळलेला, अर्धा सावलीत असा दिसेल. चित्र तिथूनच चांगलं येतं. पण तिथून अंतर मिळणार पाच-सहा फूट, कारण मागे वाळत घातलेल्या दांड्या आणि भोपळे असणारच. आणि सगळं काम जमिनीवर बसून. उभ्याने शूट केलंत तर फक्त डोकी दिसतील.


संगमघाट | सोमवार, दुपारी १.४५

हे मला माहीत नव्हतं. लग्नात आम्ही जागा करून घेतो, इथे ती मिळेल तशी घ्यायची आहे. ३०चा हट्ट सोडतो. ताई, मापं आणा.


कोरेगावचा | सोमवार, रात्री ८.३०

साताऱ्याकडून एक अनुभव. माझ्याकडे सिग्मा १६ आहे, आवडती लेन्स. कासला सप्टेंबरात फुलं असताना तीच घेऊन जातो, फुलाच्या पुढ्यात कॅमेरा ठेवला की मागे पठार, ढग सगळं येतं. पण वाईला एका बुरुडाचं काम घेताना तिनं मला फसवल्यासारखं झालं. सूप विणणारे हात पुढे, ते फणसाएवढे मोठे, आणि मागे आजीचा चेहरा लिंबाएवढा. आजींना व्हिडिओ दाखवला तर त्या म्हणाल्या, "माझे हात असे नाहीत." मला फार वाईट वाटलं. तंबोऱ्याचा भोपळा तुमच्या बाजूला आला तर तो ढोलासारखा दिसेल. १६ नको.


पेठभाग | सोमवार, रात्री ९.०५

कोरेगावचा, तुमचा अनुभव खरा, कारण मात्र थोडं वेगळं. हात मोठे दिसतात ते तुम्ही जवळ गेलात म्हणून. एकाच जागी बसून १६ लावा नाहीतर ५६, पुढच्या-मागच्या वस्तूंचं परस्पर प्रमाण तेच राहतं, चौकट फक्त रुंद किंवा अरुंद होते. पण १६ लावल्यावर चौकट रिकामी वाटते, ती भरायला माणूस नकळत पुढे सरकतो, दोन फुटांवर जातो, आणि मग हात फणस होतात. रुंद भिंगात चौकटीच्या कडेच्या वस्तू ताणल्या जातात, हे त्याशिवाय. तेव्हा सल्ला बरोबर आहे: तिला सहा फुटांवरून बसायचंय, पण १६ तिला तिथे बसू देणार नाही.


खरज | मंगळवार, संध्याकाळी ७.२०

शाळा सुटल्यावर थेट मिरजेला गेले. तरफ, तुम्ही सांगितलंत तंतोतंत तसंच आहे. दारात उभी राहिले आणि पहिल्यांदाच लक्षात आलं की माझी सावली चाचांच्या गुडघ्यावर पडते. मागच्या रविवारी दोन तास मी तिथेच उभी होते. त्यांनी एका शब्दानेही सांगितलं नाही.

मापं अशी. बाजूच्या भिंतीला पाठ लावून बसलं तर चाचांपर्यंत पावणेसहा फूट. नव्या तंबोऱ्याची लांबी साडेचार फुटांच्या थोडी वर, आणि काम करताना तो आडवा धरला की चाचांचा उजवा हात आणखी फूटभर बाहेर जातो. म्हणजे साडेपाच फूट तरी मावायला हवेत.


पेठभाग | मंगळवार, संध्याकाळी ७.४०

मग गणित संपलं. पावणेसहा फुटांवरून ३० मिमीला साडेचार फूट, खुंट्या कापल्या जातील. २३ मिमीला ५.९ फूट. २३ किंवा २४ मिमीच्या आसपासची प्राइम बघ.


नादखुळा | मंगळवार, रात्री ८.१५

सोनी ई माउंटला विलट्रॉक्सची २३ मिमी एफ/१.४ आहे, ऑटोफोकसवाली, फिल्टर ५२ मिमीचा. टीटीआर्टिझनचीही २३ एफ/१.४ मिळते, स्वस्त पडते, पण फोकस पूर्ण हाताने. एकट्याने शूट करताय म्हणून ऑटोफोकसवालीच घ्या असं मी म्हणेन.


संगमघाट | मंगळवार, रात्री ९.००

पण मग जवारीचा क्लोजअप? घोडी आणि तार, त्यावर फिरणारी कानस, तोच तर जीव आहे ना सगळ्याचा. त्यासाठी ५६ लागेलच. माझी देतो हवी तर, पंधरा दिवस नेऊन वापरा. मी हरिपूर रस्त्याला आहे, सांगलीतच.


तरफ | मंगळवार, रात्री ९.२५

खरं आहे. घोडी म्हणजे तळहातावर मावेल एवढी वस्तू. ती चौकटभर दिसली पाहिजे. तारेखाली दोरा सरकवताना बोट किती हळू हलतं, ते लांबून कळतच नाही.


पेठभाग | बुधवार, सकाळी ६.४०

इथे बहुतेकांची गफलत होते. लांब फोकल लेंग्थ म्हणजे मोठा क्लोजअप, असं नसतं. लेन्स किती जवळ जाऊन फोकस करू शकते, त्यावर ते ठरतं.

सिग्मा ५६ अर्ध्या मीटरच्या आत फोकस करत नाही, आणि तिथे तिचं वस्तूशी प्रमाण १:७.४. म्हणजे चौकटीत कमीत कमी साडेसतरा सेंटिमीटर रुंदी येणारच. सिग्मा ३० तीस सेंटिमीटरपर्यंत जाते, प्रमाण १:७, चौकट साडेसोळा सेंटिमीटर. म्हणजे क्लोजअप ५६पेक्षा ३० किंचित मोठाच देते! ५६चा फायदा इतकाच की तोच क्लोजअप लांब बसून मिळतो, हाताच्या आड येत नाही.

आता खरी गंमत. खरज, तुझ्याकडची १६-५० किट लेन्स ०.२१५ पटीपर्यंत जाते. म्हणजे चौकट अकरा सेंटिमीटर. या सगळ्यांत घोडी सर्वांत मोठी दाखवणारी लेन्स तुझ्या पिशवीत आधीपासून आहे. अडचण फक्त उजेडाची, आणि क्लोजअपला उजेड आणणं सोपं असतं, कारण उजळायची जागा वीतभरच असते. दाराच्या दिशेने पांढरा थर्माकोलचा तुकडा धरला तरी सावलीकडची बाजू उठते.


खरज | बुधवार, सकाळी ७.१५

काका, हे वाचून शाळेत जायच्या आधी स्वयंपाकघरात जिऱ्याची डबी घेऊन किट लेन्सने करून पाहिलं. खरंच. डबीचं झाकण जवळजवळ चौकटभर आलं. दोन वर्षं ही लेन्स घरात आहे आणि मी तिला हलकी समजत होते.

संगमघाट दादा, तुमच्या मनाच्या मोठेपणाबद्दल आभार. ५६ मागेन कदाचित, चाचांच्या चेहऱ्यासाठी.


कोरेगावचा | बुधवार, दुपारी २.००

एफ/१.४ घेताय म्हणून सावध करतो. उजेड आठपट मिळतो तसा फोकसचा पट्टाही चिंचोळा होतो. ३० मिमी एफ/१.४ला सहा फुटांवर आठ इंच मिळतात, ठीक आहे. पण दोन फुटांवर गेलात की इंचभरही नाही. कानस पुढे-मागे होते तेवढ्यात फोकसमध्ये येते आणि जाते. २३ला थोडी सवलत मिळेल, तरी हातांजवळ एफ/२.८ ते ४ ठेवा आणि १.४ लांबच्या चौकटीसाठी राखा. मागची भिंत धूसर करायच्या नादात तर अजिबात पडू नका. त्या भिंतीवर टांगलेले भोपळे दिसले पाहिजेत. पंढरपूरच्या बाजूने येणारे ते भोपळे हीच मिरजेची ओळख आहे, त्यांचा धूर करून काय मिळणार?


तरफ | बुधवार, दुपारी २.३०

हे लिहिल्याबद्दल धन्यवाद. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बरेच लोक कॅमेरे घेऊन आले होते. बहुतेकांच्या व्हिडिओत कारागिराचा चेहरा स्वच्छ आणि मागे नुसते पिवळे गोळे. आम्ही पूर्वी शस्त्रांना धार लावणारे शिकलगार. कानस, पटाशी, पॉलिश हे हातात पिढ्यांपासूनच आहे. माणूस आणि त्याची हत्यारं एकाच चौकटीत स्पष्ट दिसावीत, एवढीच माझी विनंती.


संगमघाट | बुधवार, रात्री १०.१०

ऑटोफोकसचं मी सांगतो, हे रोजचं काम आहे माझं. चाचा मान खाली-वर करतील आणि कॅमेरा दर वेळी चेहरा शोधेल. हातांवर शूट करताना चेहऱ्याला प्राधान्य बंद करा. छोटा झोन निवडा, बोटाने स्क्रीनवर घोडीला स्पर्श करून ट्रॅकिंग लावा. फोकस बदलण्याचा वेग मेनूत १ ते ७ असतो, तीनच्या आसपास ठेवा, म्हणजे झटका बसत नाही. चाचा एकाच जागी बसलेत आणि तुम्ही पण, तर सरळ मॅन्युअल करून पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) लावलं तरी चालेल.

एस-लॉग, म्हणजे नंतर रंग ओढण्यासाठीचं फिकं प्रोफाइल, लावू नका. या कॅमेऱ्यात ८ बिटच आहे आणि एस-लॉगचा आयएसओ ५००च्या खाली येत नाही. अंधाऱ्या खोलीत रंग ओढताना चित्र फाटतं. साधं प्रोफाइल, व्हाइट बॅलन्स केल्व्हिनमध्ये पक्का, आणि शक्य झालं तर ट्यूब बंदच. दाराचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र आले की अर्धा चेहरा हिरवट होतो.


खरज | बुधवार, रात्री १०.३०

हातात धरून शूट करता येईल का? जमिनीवर ट्रायपॉड फार पसरतो.


नादखुळा | बुधवार, रात्री १०.५०

हातात नको. झेडव्ही-ई१०च्या सेन्सरला स्थिरीकरण नाही, आणि एफ/१.४च्या या प्राइमलाही नाही. कॅमेऱ्यातलं अ‍ॅक्टिव्ह स्थिरीकरण लावलंत तर ते चित्र १.४४ पट कापतं. २३ची ३३ होईल, काकांचं सगळं गणित पाण्यात. शिवाय हा सेन्सर हळू वाचला जातो, कॅमेरा झटकन फिरवला की दाराची चौकट तिरकी होते.

जाड कापडाची पिशवी शिवा, त्यात हरभरे भरा, तोंड बंद. पाटावर पिशवी, पिशवीवर कॅमेरा. जमिनीपासून वीतभर उंची, म्हणजे घोडीच्याच पातळीला. हव्या त्या कोनात दाबून बसवता येतो.


तरफ | गुरुवार, सकाळी ८.००

हरभऱ्याची पिशवी उत्तम. पण पाट आमच्याकडून मागून घ्या, भोपळ्याची भुकटी खाली सगळीकडे असते. लेन्स बदलायची असेल तर बाहेर जाऊन बदला. सेन्सरवर ती भुकटी बसली की निघता निघत नाही. हळदीच्या अड्ड्यावर शूट करणाऱ्यांनाही हाच त्रास होतो.


खरज | रविवार, रात्री ९.१५

आठवडाभराने लिहितेय. एक प्रयोग केला आणि एक चूक होता होता राहिली.

प्रयोग आधी. मागच्या शनिवारी किट लेन्स लावून चाचांकडे दोन तास बसले. व्हिडिओ नाही, नुसते फोटो. जे जे दृश्य हवंसं वाटेल त्याची चौकट झूमने जमवायची आणि फोटो काढायचा, आकड्याकडे बघायचंच नाही. घरी येऊन प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंग्थ बघितली आणि वहीत उतरवली. एकूण ७४ फोटो. त्यातले ४१ फोटो २० ते २५ मिमीच्या मध्ये. १९ फोटो थेट ५० मिमीचे, सगळे हात आणि घोडी. तिशीच्या आसपास फक्त सहा. बाकीचे इकडेतिकडे. काकांनी गणिताने जे काढलं, तेच माझ्या डोळ्याने न सांगता निवडलं होतं. फोटोची चौकट व्हिडिओपेक्षा उंच असते हे ध्यानात ठेवून वर-खाली थोडी जागा सोडली होती.

आता चूक. २३ मिमी जुनी, स्वस्तात मिळत होती, एका गावी दुकानात बघायला गेले. बाहेरून नव्यासारखी. दुकानदार म्हणाले, "एकदम कोरी." भावाने आठवण केली म्हणून मोबाइलची बॅटरी मागून लावून आत बघितलं, तर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा. बुरशी. आपल्या पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्सना होते म्हणे. हात जोडून परत आले. जुनी घेणाऱ्या प्रत्येकाने आधी बॅटरी लावून बघा.

मग नवीच घेतली, विलट्रॉक्स २३ एफ/१.४. बजेटात बसली. काल संध्याकाळी ट्यूब बंद, दार उघडं, १/५०, एफ/२, आयएसओ ८००. चाचा दिसतात, तंबोरा खुंट्यांपासून भोपळ्यापर्यंत दिसतो, मागच्या भिंतीवरचे भोपळे थोडे मऊ झालेत पण मोजता येतात. मी ते घरी टीव्हीवर लावलं तेव्हा आई काही न बोलता उठून पुढे जाऊन बसली.


संगमघाट | रविवार, रात्री ९.४०

वा! ७४ फोटोंची ती युक्ती मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना सांगणार. विचारून ठेवतो, दिवसा मिरजेच्या बाजारातलं पण घेणार का? घेणार असाल तर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लागेल. भर उन्हात १/५० आणि एफ/२.८ला आयएसओ १००वर सुद्धा सहा स्टॉप जास्त उजेड होतो. माझ्याकडे ५२चा एनडी६४ पडून आहे, बसेल तुम्हाला.


पेठभाग | सोमवार, सकाळी ६.३०

खरज, वहीचं ते पान जपून ठेव. पुढची लेन्स घेताना तेच बघ.

आवाजाचं काय करणार? तो विषय निघालाच नाही.


तरफ | सोमवार, सकाळी ९.१०

आवाजाचं मी सांगतो. जवारी लागते तेव्हाचा आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर घेऊ नका, लेन्सची मोटर आणि बोटांची खुडबुड येते. वेगळा रेकॉर्डर भोपळ्यापासून दोन फुटांवर, खाली घडी केलेलं पोतं. आणि ट्यूब बंदच ठेवा, आता उजेडासाठी नाही तर तिच्या चोकसाठी. चोकची घूं १०० हर्ट्झची असते. बाईंचा सूर कोणता?


खरज | सोमवार, दुपारी ४.२०

पांढरी सहा (पेटीची सहावी पांढरी पट्टी). म्हणजे खरजाची तार ११० हर्ट्झला. अगदी शेजारीच!

दादा, एनडी घ्यायला आणि ५६साठी बुधवारी संध्याकाळी येते. गुरुवारी जवारी आहे. चाचांनी साडेनऊला बोलावलंय, त्या वेळी दारातला उजेड थेट मांडीवर येतो म्हणाले. दुसऱ्या खोलीतल्या मुलाला त्यांनी आधीच सांगून ठेवलंय की तासभर रंधा चालवायचा नाही. हरभऱ्याची पिशवी आईने शिवून दिली, दुहेरी शिलाई घालून.